कोनाड्यातली कपबशी

त्या बाईंनी चहाचा कप पुढे केला आणि मी हात मागे घेतला. इंग्रजीत "नको, थँक यू" असं काहीतरी पुटपुटले, बाबागाडीचा ब्रेक सोडला आणि कमानीतून बाहेर रस्त्यावर आले. घडलं ते एवढंच. त्याला आता तीन आठवडे होत आले, पण रात्री बाळ रडून उठलं आणि त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायला लागले की तो कप डोळ्यांसमोर येतो. जाड, पांढरा, कानाजवळ बारीक चीर गेलेला. बशीत एक बिस्किट. बाहेर पाऊस होता, सकाळच्या गडबडीत माझा चहा राहिलाच होता आणि मला तो कप हवा होता. तरी माझा हात मागे आला.

मी इथे आले लेकीच्या बाळंतपणासाठी. ती लंडनच्या पूर्वेला वॅपिंगमध्ये राहते, थेम्सच्या काठाला लागून. तिची इमारत म्हणजे जुनं गोदाम. भिंतीवर माल वर ओढायच्या यारीचा लोखंडी दांडा अजून तसाच आहे आणि घरात डोक्यावर जाडजूड तुळया आहेत. ओहोटी लागली की नदीचा चिखल उघडा पडतो आणि खिडकीतून गार, ओला, लोखंडासारखा वास येतो. पुण्याहून निघताना मी बाळंतशोपा, वावडिंग, ओवा आणि धूप अशा पुड्या बांधून आणल्या होत्या. बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर धुरी द्यायची, आईने मला आणि माझ्या लेकीला दिली तशी. पहिल्याच दिवशी वाटीत निखारा काय, साधी चिमूटभर धूप पेटवली, तर छतावरची ती पांढरी डबी अशी किंचाळायला लागली की बाळ दचकून काळंनिळं झालं. जावई स्टुलावर चढला, टॉवेलने वारा घालत राहिला. त्यानंतर पुड्या कपाटात गेल्या. मी कुणाला काही बोलले नाही, पण मनाला ते लागलं होतं. बाळाच्या जावळाला धुराचा वास नाही म्हणजे न्हाणं पुरं झालंच नाही, असं मला आतून वाटतच राहिलं.

त्या रविवारी मी त्याला घेऊन फिरायला निघाले होते. वॅपिंग लेनवर आले तसा पाऊस वाढला. विटांच्या उंच इमारतींच्या ओळीत एक कमान होती, तिच्या आडोशाला बाबागाडी ढकलली, आणि आतल्या अंगणातून तो वास आला. ऊद. नाकाला आधी कळलं, मला नंतर. मी त्या वासाच्या मागे गेले.

आत अंधार आणि उजेड दोन्ही होते. भिंती लालसर विटांच्या, त्यांत वेगळ्या रंगाच्या विटांचे पट्टे, आपल्याकडे लुगड्याच्या काठाला असतात तसे. मेणबत्त्या तेवत होत्या. हिरव्या रेशमी झग्यातले धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्या शेजारचा मुलगा साखळीला टांगलेलं धुपाटणं हलवत होता. साखळीचा बारीक खळखळाट, मग धुराचा एक लोट, मग पुन्हा खळखळाट. पन्नासएक माणसं असतील. पांढऱ्या केसांच्या गोऱ्या बायका, डोक्याला रंगीत कापड बांधलेल्या आफ्रिकन बायका, आडदांड खांद्यांचा एक म्हातारा, दोन-तीन तरुण जोडपी. मी शेवटच्या बाकावर टेकले. धूर हळूहळू मागे सरकत आमच्यापर्यंत आला आणि बाळाने नाक मुरडलं, शिंकलं आणि झोपलं. नातवाला शेवटी धुरी मिळाली, असं मनात येऊन माझे डोळे भरून आले. अशा ठिकाणी रडू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं हे रोमन कॅथलिकांचं चर्च आहे. बाहेर पडताना पाटी वाचली तर चर्च ऑफ इंग्लंड. सेंट पीटर्स, लंडन डॉक्स. ती पाटी वाचायच्या आधी मागच्या टेबलावर चहा मांडला गेला होता, आणि एका बाईंनी, मी कोण, कुठली, कशाला आले, काहीही न विचारता कप पुढे केला होता.

आमच्या घरी एक वेगळी कपबशी होती.

पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौद या ख्रिस्ती मिशनपासून हाकेच्या अंतरावर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. मिशनच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजल्या की आजी म्हणायची, "वाजल्या, आता दूध आणायला निघा." त्या घंटा आमच्यासाठी घड्याळ होत्या, धर्म नव्हत्या. मिशनच्या आवारातल्या एक बाई दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यायच्या, आईला क्रोशाचं विणकाम शिकवायला. पांढरं सुती पातळ, अंबाड्यात एखादं अबोलीचं फूल, आणि शुद्ध, सावकाश मराठी. आजीला त्या 'काकू' म्हणत. आजी त्यांना 'बाई' म्हणायची. त्या आल्या की आजी लगबगीने स्टोव्ह पेटवायची. बाईंना आलं चालत नाही, साखर दोन चमचे लागते, हे आजीला पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यासाठी ती वेगळं आधण ठेवायची. आणि तो चहा ती एका निळ्या काठाच्या कपात ओतायची. त्या कपाची जागा फडताळात नव्हती. मोरीच्या वरच्या कोनाड्यात होती. चहा झाला की बाई उठायच्या, स्वतः मोरीत कपबशी विसळायच्या आणि कोनाड्यात पालथी घालायच्या. कुणी त्यांना तसं सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मी सहा-सात वर्षांची असेन. तो निळा काठ मला फार आवडायचा. एका संध्याकाळी कोनाड्यापर्यंत हात पोचला तशी मी कप काढला, त्यात दूध ओतलं आणि उंबऱ्यावर बसून पिऊ लागले. आजी आली. ती रागावली नाही. तिने कप माझ्या हातातून काढून घेतला, उरलेलं दूध मोरीत ओतलं, मला चूळ भरायला लावली. एवढंच. दादा, म्हणजे माझे वडील, समोर खुर्चीत पेपर वाचत होते. सेवा दलात वाढलेले, घरात सत्यनारायण होऊ न देणारे, स्वतःचं लग्न नोंदणी पद्धतीने केलेले दादा. त्यांनी पेपरच्या वरून पाहिलं. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

पंचहौद म्हटलं की पुण्याच्या माणसाला 1890 सालचा तो चहा आठवतोच. शाळेत आम्ही ती गोष्ट जरा हसतच ऐकली होती, टिळक-रानड्यांसारखी एवढी मोठमोठी माणसं आणि मिशनमध्ये पुढे आलेल्या एका कपावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, वाद, प्रायश्चित्तं. कुणी प्यायले, कुणी नुसता हात लावून ठेवून दिला. वर्गातल्या सगळ्यांबरोबर मीही हसले होते. त्या संध्याकाळी घरी जाऊन कोनाड्याकडे पाहावं असं मला सुचलं नाही. वॅपिंगला मात्र पुढे आलेल्या कपापासून माझा हात मागे सरला तेव्हा सुचलं, आणि तेही रस्त्यावर आल्यावर, पावसात. चहा विटाळाचा वाटला म्हणून तो हात मागे आला नव्हता, एवढं मला नक्की ठाऊक आहे. मला तो घ्यायचा अधिकार नाही, असं काहीतरी वाटलं होतं.

मग बाळ झोपलं की मी त्या चर्चबद्दल वाचू लागले. आधी केवळ कुतूहल होतं. नंतर मी त्यात ओढलीच गेले.

आज वॅपिंगमध्ये घर घ्यायचं म्हणजे आयुष्याची कमाई, पण दीडशे वर्षांपूर्वी इथे यायला लोक घाबरत. 1805 साली लंडन डॉक्स सुरू झाले. दारू, तंबाखू, हस्तिदंत, लोकर, मसाले, सगळं इथे उतरायचं. माल उतरवणाऱ्यांना कायमचं काम नव्हतं. सकाळी फाटकाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवलं तर त्या दिवसाची, कधी फक्त काही तासांची मजुरी. बोट दाखवलं नाही तर उपाशी घरी. आमच्या पेठेत नाक्यावर पहाटे फावडी घेऊन उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे समजायला मला चित्र लागलं नाही. गल्ल्यागल्ल्यांत दारूची दुकानं आणि बायकांचे अड्डे. जगभरचे खलाशी. त्यांत आपल्या कोकणातलेही असायचे. बोटींवर रत्नागिरीकडचे लोक मोठ्या संख्येने भरती होत, आणि परतीची बोट मिळेपर्यंत ते याच पूर्वेकडच्या वस्त्यांत थंडीत कुडकुडत. या रस्त्यांवर मराठी बोलणारी मी पहिली नाही, हे वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही.

1856 साली चार्ल्स फ्यूज लाउडर नावाचे धर्मगुरू इथे आले. वय 36, शिक्षण ऑक्सफर्डचं. येण्याआधीची त्यांची एक गोष्ट मला विसरता येत नाही. लंडनमधल्याच पिम्लिकोच्या चर्चमध्ये ते साहाय्यक असताना त्यांच्या पंथाविरुद्ध फलक अंगावर बांधून एक माणूस रस्त्यावर फिरत होता. लाउडरांनी गायकवृंदातल्या पोरांना सहा पेन्स दिले, नासकी अंडी आणून त्याला मारायला. प्रकरण कोर्टात गेलं आणि बिशपने त्यांना सहा आठवडे निलंबित केलं. त्या लाजिरवाण्या दिवसांत ते फ्रान्सला गेले आणि तिथे सतराव्या शतकातल्या व्हिन्सेंट द पॉल या संताचं चरित्र वाचलं. गरिबांत जाऊन राहणाऱ्या माणसाचं. परत आले ते वेगळं काही ठरवूनच. 1855 मध्ये त्यांनी आणखी पाच जणांबरोबर होली क्रॉस ही धर्मगुरूंची संघटना काढली, आणि पुढच्या वर्षी डॉक्सच्या वस्तीत येऊन राहिले. आपल्या हातून काहीतरी क्षुद्र घडल्यावर माणूस असा वळतो, यावर माझा विश्वास आहे. मला तो ठेवायचा आहे.

ते ज्या पंथाचे होते त्याला अँग्लो-कॅथलिक म्हणतात. 1833 नंतर ऑक्सफर्डमधून उठलेली ती चळवळ. इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं तरी जुन्या अखंड परंपरेचंच आहे, तेव्हा त्या परंपरेचे उपचारही परत आणा, असं म्हणणारी. धूप, वेदीवर दिवे, रंगीत झगे, द्राक्षारसात थोडं पाणी मिसळणं, बेखमीर भाकर, वेदीकडे तोंड करून प्रार्थना. हे सहा मुद्दे. आज वाचताना कुणाला वाटेल, यात भांडण्यासारखं आहे काय? त्या काळी इंग्लंड यावरून पेटलं. वॅपिंगला लागूनच सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट हे जुनं, थोरलं चर्च आहे. तिथल्या ब्रायन किंग या रेक्टरने, म्हणजे मुख्य धर्मगुरूने, झगे घालायला सुरुवात केली होती. 1859 मध्ये तिथे या पंथाच्या अगदी उलट मताचा व्याख्याता नेमला गेला आणि दंगली सुरू झाल्या. दर रविवारी. उपासना चालू असताना लोक शिट्ट्या मारत, कुत्र्यांसारखे भुंकत, गुडघ्याखालच्या उश्या वेदीवर भिरकावत. चर्चमध्ये पोलिस उभे करावे लागले. लाउडरांना एकदा जमावाने गाठलं तेव्हा त्यांना पुलावरून डॉकच्या पाण्यात फेकायचीच तयारी होती. 1860 मध्ये किंग थकून निघून गेले. लाउडर गेले नाहीत. ते आपल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात, नदीच्या आणखी जवळ, राहिले.

इथे मी वाचन थांबवून बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. कारण दादा असते तर कुणाच्या बाजूने असते, ते मला नक्की ठाऊक होतं. ते अर्थातच दगड मारणाऱ्यांत नसते. पण ते म्हणाले असते, "धूर करून पोट भरतं का? गरिबाला औषध द्या, शाळा द्या, हे झगे कशाला?" आमच्या घरात हा प्रश्न रोजचा होता. त्यांनी आजीचं देवघर तिच्या हयातीतच फळीवरच्या दोन मूर्तींवर आणलं, समई माळ्यावर गेली. त्यांना वाटे, कर्मकांड म्हणजेच गरिबाच्या गळ्यातला दोर. आपल्याकडे ते खोटंही नव्हतं. किती घरं श्राद्धापायी आणि लग्नापायी सावकाराच्या दारात गेली, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून महाराष्ट्रातल्या सुधारकाने गरिबासाठी पहिलं काय केलं, तर विधी टाकला. आणि इथे, या गटाराच्या काठी, एका माणसाने गरिबासाठी विधी आणला. दोघांचंही प्रेम खरं. मला दोघांपैकी एकालाही खोटं पाडता येत नाही, आणि म्हणून हा विषय सोडवतही नाही.

विधीबरोबर बाकी सगळंही होतं. एलिझाबेथ नील नावाच्या बाईंनी 1857 मध्ये इथे भगिनींचा, म्हणजे संन्यासिनींचा, संघ उभा केला. शाळा झाल्या, रस्त्यावरच्या मुलींसाठी आसरा झाला. मी त्या दिवशी शिरले ते सेंट पीटर्स 30 जून 1866 रोजी उघडलं. लंडनचे बिशप टेट आले होते. आणि लगेच त्याच उन्हाळ्यात पटकी आली. ओल्ड फोर्डच्या तलावातलं न गाळलेलं पाणी नळांतून घराघरांत गेलं होतं. लंडनच्या पूर्व भागात साडेपाच हजारांवर माणसं मेली. ज्याचा रंगही नीट वाळला नसेल अशा चर्चमधून लाउडर आणि त्यांचे सोबती गल्ल्यांत उतरले. आजारी पोरांना ते हातांवर उचलून इस्पितळात नेत. कालपर्यंत दगड मारणारी वस्ती त्यांना 'फादर' म्हणू लागली. इंग्लंडच्या चर्चमधल्या साध्या धर्मगुरूला तोवर असं कुणी म्हणत नसे. ती पदवी त्यांना बिशपने दिलेली नव्हती, पटकीने पोर गमावलेल्या माणसांच्या तोंडून ती आली.

मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. याच टेट यांनी पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाल्यावर 1874 चा कायदा आणला, असले उपचार बंद पाडणारा. त्या कायद्यापायी पाच धर्मगुरू तुरुंगात गेले. मँचेस्टरजवळच्या गिरणीवस्तीतले सिडनी ग्रीन तर दीड वर्षाहून अधिक काळ लँकेस्टरच्या किल्ल्यात होते. लाउडर तुरुंगात गेले नाहीत. त्यांना पकडून नेणं या वस्तीने सहन केलं असतं असं मला वाटत नाही. 1880 च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियात विश्रांतीला गेलेले असताना ते वारले. देह परत इथे आणला तेव्हा वीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना पाण्यात ढकलायला घेतलं होतं त्याच गल्ल्या दुतर्फा गच्च भरल्या होत्या. त्यांच्यानंतरचे धर्मगुरू वेनराइट 1873 ला साहाय्यक म्हणून आले आणि 1929 मध्ये मरेपर्यंत वॅपिंगमध्येच राहिले. छप्पन्न वर्षं. अंगावरचे कपडे काढून देणारा माणूस अशी त्यांची आठवण सांगतात.

डॉकवर दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाला घरी काय असेल? एक खोली, ओल, धुरकट दिवा, सहा पोरं. त्याने रविवारी त्या कमानीतून आत यायचं आणि रेशीम पाहायचं, मेणाचा उजेड पाहायचा, ऊद हुंगायचा. याच रेशमाच्या आणि उदाच्या गाठी तो आठवडाभर पाठीवरून वाहत होता. त्या वस्तू दुसऱ्यांच्या घरी जाण्यासाठी त्याच्या हातांतून जात. इथे त्या त्याच्यासाठी पेटत, त्याच्यासाठी पसरत. आमच्या आजीने दोन खोल्यांच्या अंधाऱ्या घरात तिन्हीसांजेला धूप फिरवली की ओलीचा वास, रॉकेलचा वास, मोरीचा वास सगळा पाच मिनिटं मागे हटायचा. तेवढी पाच मिनिटं ते घर आमचं असायचं, घरमालकाचं नसायचं. देवघर आवरलं तेव्हा दादांनी तिच्याकडून तेही काढून घेतलं, हे मला आज प्रथम म्हणावंसं वाटतं. दादांवर माझा जीव आहे, तरी म्हणावंसं वाटतं.

आणि तरीही सगळं साधं नाही. वॅपिंगला जो ओघ आला तोच आमच्या पेठेतही येऊन पोचला होता, हे मला या वाचनात कळलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटलं. सेंट पीटर्स उघडलं त्याच 1866 साली ऑक्सफर्डच्या काउली गावात याच पंथाच्या संन्यस्त धर्मगुरूंचा संघ निघाला, आणि तेच काउली फादर्स पुढे मुंबईत आणि पुण्यात आले. पंचहौद मिशन त्यांचं. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या भगिनीही त्यांच्याच पंथाच्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये वाँटेजला झाला. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, याच संघात काही वर्षं राहिले. म्हणजे माझ्या लहानपणीच्या घड्याळाचा ठोका आणि त्या रविवारचा धूर एकाच घरातले. पण लंडनमध्ये गोऱ्या धर्मगुरूने गोऱ्या हमालाच्या वस्तीत राहणं वेगळं, आणि पुण्यात राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस म्हणून येऊन राहणं वेगळं. इथे त्यांना दगड खावे लागले, तिथे त्यांच्या पाठीशी सरकार असल्याचं सगळ्यांना दिसत होतं. सेवा खरी होती, आणि माणसं आपल्या कळपात यावीत ही इच्छाही तितकीच खरी होती. रमाबाईंना हे पुरतं कळलं होतं. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, आमचं संस्कृत का नाही, असं त्यांनी त्याच भगिनींना रोखठोक विचारलं होतं. शाकाहारही सोडला नाही. ज्यांच्या घरी आसरा घेतला, ज्यांचा धर्म घेतला, त्यांना हे विचारायला केवढं बळ लागलं असेल.

आणि आमच्या बाई? त्यांच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणीतरी केव्हातरी त्या मिशनच्या फाटकातून आत गेलं असणार. बहुधा अशा घरातून, जिथे त्यांच्यासाठीची कपबशी कोनाड्यातसुद्धा नव्हती. आत कुणीतरी त्यांना मेणबत्तीच्या उजेडात इतरांच्या बरोबरीने गुडघे टेकू दिले असतील, एकाच पेल्यातून ओठ लावू दिले असतील. एकच पेला, सगळ्यांच्या ओठांना. त्या रविवारी मी शेवटच्या बाकावरून ते पाहत होते. हिरव्या झग्यातले धर्मगुरू चांदीचा पेला एकेकाच्या तोंडाला लावत होते, मधे पांढऱ्या फडक्याने काठ पुसत होते, आणि पुढे सरकत होते. आफ्रिकन बाई, मग तो आडदांड म्हातारा, मग कुणी तरुण मुलगी. दर रविवारी सकाळी बाई पंचहौदच्या देवळात अशा पेल्याला ओठ लावत असणार, आणि गुरुवारी दुपारी आमच्या मोरीत आपला कप विसळत असणार. दोन्हीकडे त्याच बाई. तरी चार वर्षं त्या येत राहिल्या. आईच्या क्रोशाच्या त्या जाळीचा रुमाल अजून माझ्याकडे आहे, टाका इतका एकसारखा की कुठला बाईंचा आणि कुठला आईचा, सांगता येत नाही.

आजीबद्दल मला चीड येत नाही. येत असती तर सोपं गेलं असतं. आजी बाईंसाठी आल्याशिवायचं वेगळं आधण ठेवायची, त्यांना खोकला झाला तर ज्येष्ठमधाचा तुकडा पदराला बांधून ठेवायची. आणि त्याच हातांनी तिने तो कप कोनाड्यात ठेवला. बाई बदली होऊन गेल्यावर कित्येक महिने तो तिथेच पालथा होता. मग एका दिवाळीला घर झाडताना तो दिसला नाही. कुणी काढला, कुठे गेला, मी विचारलं नाही. दादांनाही कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. या वेळी पाऊस नव्हता. डॉक्स 1969 मध्ये बंद झाले, बरेचसे बुजवले गेले. जिथे जहाजं लागत तिथे आता पाण्याचा एक अरुंद पट्टा उरलाय, त्यात बदकं पोहतात. एका बाजूला काचेच्या गॅलऱ्यांचे महागडे फ्लॅट आणि पाठीमागे कौन्सिलच्या जुन्या इमारती, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी आणि मुलांचे गणवेश. उपासनेला दोन्हीकडची माणसं होती. मी शेवटच्याच बाकावर बसले. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही, आणि तिथे कुणी मला व्हायला सांगितलंही नाही. धुपाटण्याची साखळी खळखळली, बाळाने डोळे उघडून धुराकडे पाहिलं आणि मूठ हलवली.

संपल्यावर मी मुद्दाम रेंगाळले. टेबलावर तेच जाड पांढरे कप. त्याच बाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, बोटांची पेरं सुजलेली. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. आधी वाकून बाळाकडे पाहिलं, त्याच्या गालाला बोटाच्या मागच्या बाजूने हात लावला, जसा आपल्याकडे म्हाताऱ्या बायका लावतात तसा. मग किटली उचलली आणि साखर किती, म्हणून विचारलं.

गेली वीस वर्षं, डॉक्टरांनी सांगितल्यापासून, मी चहात साखर घेत नाही.

"दोन चमचे," मी म्हणाले. कप दोन्ही हातांनी धरला. चहा फार गोड होता आणि फार गरम. सावकाश सगळा प्यायले. मग नळाशी गेले तर बाई लगबगीने आल्या, माझ्या हातातून कप काढून घेतला आणि बाकीच्या सगळ्या कपांबरोबर साबणाच्या पाण्यात सोडला.